राजर्षी शाहू छत्रपती : एक वत्सल पिता

थोर पुरुषांची चरित्रे सामान्यतः त्यांच्या सार्वजनिक कार्याच्या अंगाने लिहिली जातात. कायदे कोणते केले, संस्था कोणत्या काढल्या, सभा कोठे गाजविल्या याची नोंद इतिहास आस्थेने ठेवतो. परंतु तोच पुरुष आपल्या उंबरठ्याच्या आत मुलाबाळांशी, लेकीसुनांशी कसा वागला, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. आपल्या मंडळाची ही स्मरणिका कुटुंबाकुटुंबांतून वाचली जाते. आजोबा ती चष्मा लावून वाचतात, सुना दुपारच्या निवांत वेळी चाळतात आणि शाळकरी मुले त्यातील छायाचित्रे पाहतात. अशा घरगुती वाचकवर्गापुढे कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांचे चरित्र एक पिता म्हणून मांडावे, असे आम्हांस वाटले. त्यांच्या राजेपणाच्या गोष्टी ओघाने येतीलच. पण आमचे लक्ष मुख्यतः त्यांच्या पितृत्वावर राहील.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागल येथील घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब आणि आई राधाबाई. राधाबाई या मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. मूल तीन वर्षांचे होते न होते तोच, १८७७ साली, ही माता निवर्तली. आईचा चेहरा आठवावा इतकेही वय त्या बालकाचे नव्हते. पुढे १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतले, आणि कागलचा यशवंत कोल्हापूरच्या गादीचा धनी शाहू झाला. दत्तविधानास दोन वर्षे होतात न होतात तोच, १८८६ साली, जन्मदाते वडीलही गेले. गादी मिळाली, पण वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीच आईबाप दोन्ही अंतरले. आईबापावाचून वाढलेली मुले आम्ही शाळेत पुष्कळ पाहिली. त्यांतील काही कोरडी होतात, तर काही असे होतात की जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांना जवळ घेत राहतात. शाहू महाराज या दुसऱ्या जातीचे होते. त्यांच्या पुढील आयुष्याची ही किल्ली वाचकांनी मनाशी ठेवावी.

शिक्षणासाठी त्यांना प्रथम राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि त्यानंतर धारवाडास ठेवण्यात आले. धारवाडास फ्रेजर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास झाला. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांचेही नव्हते. राज्यारोहणाच्या आधी काही दिवसच त्यांच्या घरी पहिले अपत्य, कन्या, जन्मास आले होते. महाराजांनी त्या कन्येला आपल्या मातेचेच नाव दिले, राधाबाई. घरात सर्व तिला अक्कासाहेब म्हणत. जिचा सहवास लाभला नाही त्या आईचे नाव रोज तोंडी यावे, अशी ही योजना होती, असे आम्हांस वाटते. पुढे १८९७ साली राजाराम आणि १८९९ साली शिवाजी असे दोन पुत्र झाले. आणखी एक कन्या लहानपणीच देवाघरी गेली.

आता महाराजांच्या एका मोठ्या आवडीविषयी सांगितले पाहिजे, कारण तिच्यावाचून त्यांचे चित्र पुरे होत नाही. हा राजा वाड्यात रमणारा नव्हता. उंच, भरदार बांध्याचा, कुस्तीने कमावलेला हा देह मोकळ्या हवेसाठीच घडलेला होता. पहाटे उठून घोडा फेकीत माळ तुडवावा, खडखडा नावाच्या उघड्या गाडीस नवे घोडे जुंपून ते स्वतः हाकावे, डोंगरउतारावर झाडाखाली बसून धनगर-शेतकऱ्यांशी गप्पा माराव्या, यांत त्यांना जो आनंद होता तो दरबाराच्या लोडतक्क्यांत नव्हता. कोल्हापूरजवळील सोनतळी, तसेच रायबाग येथे त्यांच्या छावण्या असत, आणि राज्याचे कितीतरी निर्णय अशा उघड्या आभाळाखालीच झाले. शिकारीचा तर त्यांना मनस्वी नाद होता. संस्थानात चित्ते पाळून, शिकवून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार करण्याची परंपरा त्यांनी वाढविली. त्यासाठी चित्तेखाना होता, माहीतगार माणसे होती आणि चित्त्यांना नेण्यासाठी गाड्या होत्या.

आजच्या वाचकाला शिकारीचा हा नाद खटकेल, आणि खटकावाच. आपल्या देशातील चित्ता विसाव्या शतकाच्या मध्यास नाहीसा झाला, १९५२ साली तशी नोंदही झाली, आणि तो पुन्हा दिसावा म्हणून २०२२ साली आफ्रिकेतील नामिबियाहून चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात आणावे लागले. राजेरजवाड्यांच्या आणि साहेबलोकांच्या बंदुकांनी हिंदुस्थानची राने किती ओस पाडली, हे आता सर्वांस ठाऊक आहे. तरीपण एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. शिकारीसाठी म्हणून का होईना, कोल्हापूर संस्थानाने दाजीपूरचे घनदाट अरण्य राखून ठेवले. तेथे कुऱ्हाड चालू दिली नाही. म्हणूनच १९५८ साली गव्यांसाठी तेथे अभयारण्य करता आले, आणि आज तेच राधानगरी अभयारण्य युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा मानलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांपैकी एक आहे. मुक्ताईनगरच्या वाचकांना याचे मोल निराळे सांगावयास नको. आपल्या तालुक्यात वढोद्याचे रान आहे, तेथे अद्याप वाघाचा वावर आहे, आणि केळीच्या बागांच्या कडेने त्याच्या पायांचे ठसे उमटले की सगळा पंचक्रोशीचा परिसर कसा जागा होतो, हे आपण जाणतो. रान राखणे किती अवघड आहे, हे रानाशेजारी राहणाऱ्यालाच कळते.

महाराजांच्या या भटकंतीने त्यांना एक असे ज्ञान दिले, जे राजकुमार कॉलेजात मिळणे शक्य नव्हते. प्रजा कशी जगते, हे त्यांनी कागदोपत्री न वाचता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. शिकारीच्या निमित्ताने दूरच्या वाड्यावस्त्यांवर जावे, एखाद्या खोपटाशी थांबून कांदाभाकरी मागून खावी, पाण्याची आणि पिकाची चौकशी करावी, असा त्यांचा क्रम असे. रानावनांतून हिंडणाऱ्या फासेपारध्यांशी त्यांची गाठ अशीच पडली. ज्या जमातीकडे सरकार आणि समाज दोघेही गुन्हेगार म्हणूनच पाहत होते, त्या जमातीतील माणसांना त्यांनी जवळ केले, काम दिले, राहावयास जागा दिली आणि आपल्या पहाऱ्यावरही नेमले. अशा जमातींवर लादलेली रोजची हजेरी त्यांनी १९१८ साली बंद केली. ज्याला रानाची ओळख असते त्याला रानातल्या माणसाचीही ओळख होते, ती अशी.

१८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ आलेली प्लेगची साथ हे त्यांच्या राज्यकारभारावरील पहिले मोठे संकट. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते. त्यांनी घोड्यावरून मुलूख पालथा घातला, स्वस्त धान्याची दुकाने उघडली, विहिरींची आणि रस्त्यांची कामे काढली. पण आम्हांस विशेष वाटते ते हे, की दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायांची तान्ही मुले उन्हात पडलेली पाहून त्या मुलांच्या संगोपनाची निराळी सोय करण्यात आली. स्वतःच्या घरी तेव्हा लहान कन्या होती आणि पहिला पुत्र जन्मास येत होता. घरच्या पाळण्याकडे पाहणाऱ्या बापालाच बांधावरच्या झोळीतले मूल दिसते.

घरी हा राजा कसा होता? मुलांच्या बाबतीत तो प्रेमळ होता, परंतु लाड करून मुले बिघडविणारा नव्हता. राजाराम आणि शिवाजी या दोघांना त्यांनी घोड्यावर बसविले, रानात नेले, मातीत खेळविले आणि शिक्षणासाठी दूरही धाडले. काही काळ ते इंग्लंडात होते. नंतर अलाहाबादेस त्यांचे शिक्षण झाले आणि तेथे शेतीशास्त्राचीही ओळख त्यांना झाली. राजपुत्राने शेती शिकावी, ही कल्पना त्या काळी किती नवी होती, याचा विचार करावा. ज्याच्या प्रजेतील बहुसंख्य लोक नांगरावर जगतात, त्याला बी-बियाणे आणि खतपाणी समजलेच पाहिजे, ही त्यामागील दृष्टी. महाराजांनी स्वतःही पन्हाळ्याच्या बाजूस चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करून पाहिले होते.

कन्या अक्कासाहेब यांचा विवाह १९०८ साली देवास (थोरली पाती) संस्थानचे अधिपती तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. याच सुमारास महाराजांनी भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याचे काम हाती घेतले होते. सह्याद्रीच्या कुशीत पाऊस धो धो पडावा आणि खाली कोल्हापूरच्या शेतकऱ्याचे पीक उन्हाळ्यात वाळावे, हे त्यांना डोंगर हिंडताना खुपत असे. त्या धरणाजवळील नव्या वसाहतीस त्यांनी आपल्या कन्येचे नाव दिले, राधानगरी; आणि जलाशयास राणीसाहेबांचे नाव दिले, लक्ष्मीबाई तलाव. लोक आपल्या नावाने देवळे आणि वाडे बांधतात. या राजाने लेकीच्या नावाने पाण्याचा साठा केला. पैशाच्या अडचणीमुळे धरणाचे काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, ते स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. परंतु आज लाखो लोक ते पाणी वापरतात तेव्हा नकळत का होईना, एका मुलीचे आणि तिच्या आजीचे नाव घेतात. लेकीला परक्याचे धन म्हणणाऱ्या आपल्या समाजाने या गोष्टीवर थोडे थांबून विचार करावा.

आता आम्ही १९१७ या वर्षाशी येतो. महाराजांच्या आयुष्यातील ते भरभराटीचे वर्ष होते. त्या वर्षी त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळच्या रुपयाचे मोल ध्यानात घेता हा दंड लहान नव्हता. आम्ही आयुष्यभर खडू हातात धरला आहे. शेतीच्या हंगामात वर्ग कसा निम्मा रिकामा होतो, आणि मुलाला शाळेत धाडा म्हणून दारोदार फिरताना शिक्षकाच्या पायांचे काय होते, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून त्या एका रुपयाच्या मागे असलेली कळकळ आम्हांस समजते. त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदाही त्यांनी केला.

त्याच वर्षाच्या जून महिन्यात धाकटे पुत्र शिवाजी यांचे लग्न झाले. सासवडच्या जगताप घराण्यातील जमनाबाई ही वधू. सासरचे नाव इंदुमतीदेवी. तिचे वय त्या वेळी अवघे दहा वर्षांचे होते. येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. इतका पुढारलेला राजा, पण स्वतःच्या घरात त्याने बालविवाहाची रूढी पाळली. काळाचा पगडा थोरांच्याही मनावर असतो, याचे हे उदाहरण आहे. त्या रूढीची किंमत किती भयंकर द्यावी लागते, हे त्यांना पुढच्याच वर्षी कळावयाचे होते.

डिसेंबर १९१७ मध्ये महाराज खामगावास आले. अखिल भारतीय मराठा शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते. खामगाव आपल्यापासून दूर नाही. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जलंबला उतरावे आणि फाट्याने खामगाव गाठावे. म्हणजे हा राजा आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला होता. तेथे त्यांनी शिक्षणाची आणि बहुजन समाजाच्या उन्नतीची बाजू मांडली. शिक्षणावाचून कोणत्याही समाजाला तरणोपाय नाही, ही त्यांची जन्माची शिकवण वऱ्हाड-खानदेशच्या या सीमेवर त्या दिवसांत घुमली. पुढे १९२० साली नाशिकच्या उदाजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिलाही त्यांच्याच हस्ते बसली.

१९१८ च्या १ एप्रिलला थोरले पुत्र राजाराम यांचा विवाह बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नातीशी झाला. दोन पुरोगामी राजघराणी जोडली गेली. घर आनंदाने भरले होते. आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, १२ जून १९१८ रोजी, तो घाला पडला. रानडुकराच्या शिकारीत घोडा फेकीत असता धाकटे पुत्र शिवाजी घोड्यासह पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय एकोणीस वर्षांचे. ज्या रानाचे, ज्या घोड्याचे आणि ज्या शिकारीचे वेड बापाने मोठ्या हौसेने मुलाला लाविले, त्यांनीच मुलाला गिळले. पित्याच्या अंतःकरणावर याहून क्रूर आघात कोणता असू शकेल? आपल्या हातून दिलेली आवड लेकराच्या जिवावर उठावी, हे दुःख शत्रूलाही येऊ नये. महाराज आतून मोडले. त्यांच्या प्रकृतीने त्यानंतर पूर्वीचा जोम पुन्हा धरला नाही.

पण वाड्यात आणखी एक जीव होता, जिच्या दुःखाला शब्दही फुटत नव्हते. इंदुमतीदेवींच्या लग्नाला एक वर्ष झाले होते. वय अकरा वर्षांचे. जिला नवरा म्हणजे काय हेही धड समजले नव्हते, ती विधवा झाली. आणि विधवा म्हणजे त्या काळी काय, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. आपल्या आज्या-पणज्यांत अशा कितीतरी होत्या. घराच्या मागल्या खोलीत, लाल आलवणात, कोणाच्या शुभकार्यात तोंड न दाखविता त्यांनी पन्नास-पन्नास वर्षे काढली. राजघराण्यात तर पडदा आणखी जाड. त्या मुलीपुढे तसेच आयुष्य उभे होते.

येथे महाराजांतील पित्याची खरी कसोटी लागली. पुत्रशोकाने खचलेला मनुष्य बहुधा दोनच गोष्टी करतो. एक तर तो दैवाला बोल लावीत बसतो, नाहीतर सुनेच्या पायगुणाला दोष देतो. महाराजांनी दोन्ही केले नाही. त्यांनी ठरविले की ही मुलगी शिकेल. राजवाड्यातील जुन्या वळणाच्या मंडळींना ही गोष्ट रुचणारी नव्हती. राजघराण्याची विधवा सून मास्तरापुढे बसून धडे गिरवणार, ही कल्पनाच अनेकांना असह्य होती. महाराजांनी विरोध ऐकून घेतला आणि आपला निश्चय ढळू दिला नाही. वाड्याच्या वातावरणापासून दूर, सोनतळीच्या मोकळ्या माळावर, त्यांनी सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली. एकटीला उदास वाटू नये म्हणून वेगवेगळ्या समाजांतील काही मुली तिच्याबरोबर शिकावयास ठेवल्या. अभ्यास कोठवर आला, इंग्रजी कसे चालले आहे, प्रकृती कशी आहे, याची विचारपूस ते स्वतः करीत आणि बाहेरगावी असले की पत्राने करीत.

वाचकहो, यातील एक गोष्ट नीट पाहावी. ज्या मोकळ्या माळरानाने त्यांना जन्मभर आनंद दिला, त्यानेच मुलगा हिरावून नेला. अशा वेळी माणूस त्या रानाकडे पाठ फिरवितो. महाराजांनी त्याच उघड्या हवेत सुनेची शाळा उभी केली. जे सुख पुत्राला देऊ केले होते तेच त्यांनी सुनेला दिले; पडद्यामागची चार भिंतींची खोली दिली नाही. बाप असणे म्हणजे काय, हे यावरून आम्हांस उमगले. इंदुमतीदेवींनी पुढे या विश्वासाचे सोने केले. त्या कोल्हापुरातील स्त्रीशिक्षणाच्या कार्यात अग्रभागी राहिल्या, मुलींसाठी संस्था काढल्या आणि १९७१ साली निवर्तल्या तेव्हा त्यांच्यामागे शिकलेल्या मुलींच्या पिढ्या होत्या. स्वतःचे मूल नसलेली ती बाई कितीकांची आई झाली होती. हा वारसा तिला सासऱ्याकडून मिळाला होता.

घरातील दुःखाने महाराजांची दृष्टी अधिकच व्यापक झाली असे दिसते. आयुष्याच्या अखेरच्या तीन-चार वर्षांत त्यांनी स्त्रियांच्या छळास आळा घालणारा कायदा केला, आंतरजातीय विवाहास मान्यता दिली, मुली देवाला सोडण्याची चाल बंद करण्यासाठी कायदा केला. आंतरजातीय विवाहाचा उपदेश त्यांनी लोकांना करून स्वतः दूर राहिले असे झाले नाही. आपल्या नात्यातील मुलीचा विवाह इंदूरच्या होळकर घराण्यात, म्हणजे मराठा-धनगर असा, त्यांनी ठरविला. तो त्यांच्या निधनानंतर १९२४ साली पार पडला. मार्च १९२० मध्ये माणगाव येथील परिषदेस उपस्थित राहून त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांचा गौरव केला, आणि त्यांच्या मूकनायक पत्रास द्रव्यसाहाय्यही दिले. आपल्या घरातले मूल आणि दुसऱ्याच्या घरातले मूल यांमधील भिंत या माणसाच्या मनातून पार कोसळली होती.

आमच्या मंडळासारख्या ज्ञातिसंस्थेने तर महाराजांचे ऋण विशेष मानले पाहिजे. खेड्यातला हुशार मुलगा शहरात शिकावयास आला की राहणार कोठे, जेवणार कोठे, हा प्रश्न त्यांनी ओळखला. १९०१ साली कोल्हापुरात मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह निघाले. पुढे लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार अशा कितीतरी समाजांच्या मुलांसाठी अशी घरे उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते याचसाठी. आईबापावाचून वाढलेल्या राजाने हजारो परगावच्या मुलांसाठी घर केले. आपल्या मंडळींतही आज जे वकील, डॉक्टर, अभियंते दिसतात, त्यांतील कितीतरी जणांच्या आज्या-पणज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला अशाच एखाद्या वसतिगृहात पाठविले होते.

राजर्षी ही पदवी त्यांना १९१९ साली कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय समाजाच्या परिषदेने अर्पण केली. म्हणजे ती कोणा सरकारने दिलेली नव्हती, शेतकरी असलेल्या एका ज्ञातीच्या सभेने दिलेली होती. तथापि ज्ञातिसभांविषयी महाराजांचे मत डोळसपणाचे होते. मागे पडलेल्या समाजाने एकत्र यावे, शिकावे, उभे राहावे, एवढ्यापुरत्या त्या हव्यात. त्यांतून जातीचा अभिमान फुगला आणि शेजाऱ्याविषयी दुरावा वाढला, तर हेतूच बुडाला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय असे. ज्ञातिसंस्था ही शिडी आहे, शिडीवर कोणी घर बांधीत नाही. आमच्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट दरवर्षी एकदा तरी आठवावी.

६ मे १९२२ रोजी मुंबईतील पन्हाळा लॉज या निवासस्थानी महाराजांनी देह ठेवला. वय पुरते अठ्ठेचाळीसही झाले नव्हते. थोरले पुत्र राजाराम महाराज गादीवर आले आणि त्यांनी १९४० पर्यंत पित्याचे कार्य चालविले. नातवंडांच्या सहवासाचे सुख मात्र महाराजांना फार काळ लाभले नाही. अक्कासाहेबांचे पुत्र विक्रमसिंह हे आजोबा गेले तेव्हा बारा वर्षांचे होते. काळाची गती पाहावी, हाच लेकीचा मुलगा १९४७ साली शहाजी छत्रपती या नावाने कोल्हापूरच्या गादीवर बसला, आणि १ मार्च १९४९ रोजी त्याच्याच काळात कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आजोबांनी प्रजेला शिकवून शहाणे करण्यासाठी ज्या राज्याचा उपयोग केला, ते राज्य नातवाच्या हातून प्रजेच्याच स्वाधीन झाले. ज्या राधाबाईचे नाव गावाला दिले, तिच्याच कुशीतून आजोबांचा वारस निघाला. लेकीचे मूल परके, असे म्हणणाऱ्यांना इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

सद्गुरु मुक्ताईच्या या गावी राहणाऱ्या आपणांस वेगळा उपदेश करण्याचे कारण नाही. वयाने सर्वांत धाकटी असून भावंडांना जागे करणारी ती मुलगी आपले दैवत आहे. तिची यात्रा आपण करतो, तापी-पूर्णेच्या संगमावर स्नान करतो. मग आपल्या घरातील मुक्ताई मागे का राहावी? मुलीची मॅट्रिक झाली की स्थळे पाहण्याची घाई, आणि सून शिकलेली आणावयाची पण घरी आल्यावर तिची पुस्तके माळ्यावर टाकावयाची, हे प्रकार आम्ही चाळीस वर्षांच्या नोकरीत डोळ्यांनी पाहिले आहेत. ज्या घरात एखादी तरुण सून दुर्दैवाने एकटी पडली असेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी तरी शाहू महाराजांचे सोनतळीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. तिला पुन्हा शिकवावे, तिच्या पायांवर उभे करावे, आणि तिची इच्छा असल्यास तिचे घर पुन्हा वसवून द्यावे. तिच्या मनात काय आहे हे विचारण्यास संकोच करू नये.

आणि आजोबांसाठी एक विनंती. नातवंडांना घेऊन पहाटे शिवारात जावे. त्यांना झाडांची नावे सांगावी, पाखरांचे आवाज ओळखावयास शिकवावे, सातपुड्याची निळी रांग दाखवावी, विहिरीचे पाणी कोठवर उतरले ते पाहावयास लावावे. महाराजांचे घोडे, चित्ते आणि शिकारखाने गेले, ते गेले हे बरेच झाले. परंतु मोकळ्या हवेत लेकरांचे बोट धरून चालणारा बाप आणि आजा कधी जुना होत नाही. राजर्षींच्या पवित्र स्मृतीस अभिवादन करून हा लेख आम्ही आपल्या मंडळाच्या कुटुंबांच्या हाती देतो.